माणसे मिळत नाहीत, की घडवायची नाहीत?

संगणकाच्या व्यवसायात गेली काही वर्षे एक तक्रार सारखी कानावर पडते : ‘माणसे मिळत नाहीत.’ सामान्य माणसाला ही चक्क थट्टा वाटेल. कारण त्याच्या घरात, शेजारी किंवा नात्यात संगणकाची पदवी घेऊन नोकरीच्या शोधात असलेला निदान एक तरी मुलगा वा मुलगी असतेच. त्यातच २०२५ च्या जुलै महिन्यात टीसीएस या देशातल्या सर्वांत मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीने बारा हजारांहून अधिक कर्मचारी कमी करण्याचे जाहीर केले आणि मध्यमवर्गीय घरांत काळजी पसरली. मग माणसे मिळत नाहीत म्हणणारे हे मालक कोण? आणि नोकरी मिळत नाही म्हणणारी ही मुले कोण?

मी दिव्याला राहतो. संगणकाच्या आज्ञावल्या लिहिण्यात आणि दुरुस्त करण्यात माझी पंचवीसेक वर्षे गेली. अलीकडे उमेदवारांच्या मुलाखती घेण्याचे कामही माझ्याकडे असते. त्यामुळे या प्रश्नाच्या दोन्ही बाजू मला जवळून दिसतात. सकाळी आठच्या सुमारास दिवा स्थानकाच्या फलाटावर पाठीला सॅक लावलेली जी तरुण गर्दी उभी असते, तिच्यात बी. एस्सी. आयटी, बी. कॉम., डिप्लोमा झालेली कितीतरी मुले असतात. ठाणे-डोंबिवलीत घर परवडेना म्हणून दिव्यात स्थिरावलेल्या कुटुंबांतली, बरीचशी मूळची कोकणातली. त्यांतली काही कॉल सेंटरमध्ये जातात, काही मॉलमध्ये, काही नुसत्याच मुलाखतीला. ठाण्याला गाडी बदलून ट्रान्स-हार्बरने गेले की काही मिनिटांत ऐरोली येते. तिथल्या काचेच्या इमारतींत बसून कंपन्या माणसे शोधत असतात, पण बंगळुरू, चेन्नई आणि हैदराबादेत! ‘दिव्याखाली अंधार’ ही म्हण आमच्या गावावरून पडलेली नाही. पण इथे ती चपखल बसते.

माझ्या मते मालक आणि मुले दोघेही खरेच बोलत आहेत. फक्त दोघांचीही वाक्ये अर्धवट आहेत. मालकाचे पूर्ण वाक्य असे आहे : ‘आम्हाला हवी ती संगणकभाषा आधीपासून येणारी, अनुभवी आणि उद्याच कामावर रुजू होणारी माणसे मिळत नाहीत.’ आणि मुलांचे पूर्ण वाक्य असे : ‘आम्हाला येते ती भाषा येणारे लाखो आहेत, म्हणून आमचा नंबर लागत नाही.’ या दोन वाक्यांमधली फट कशाने भरायची, हा आजचा खरा प्रश्न आहे.

मोडी वाचणारा हवा!

संगणकाशी संबंध नसलेल्या वाचकांसाठी थोडे विस्ताराने सांगतो. संगणकाला काम सांगण्यासाठी माणसाने ज्या कृत्रिम भाषा तयार केल्या, त्या शेकड्यांनी आहेत. त्यांतल्या जावा, पायथन, जावास्क्रिप्ट अशा मोजक्या भाषा सर्वत्र चालतात. महाविद्यालये त्याच शिकवतात, क्लासेस त्यांच्याच जाहिराती करतात. उरलेल्या भाषांचे साधारण दोन गट पडतात. एक गट म्हाताऱ्या भाषांचा. कोबोल, फोरट्रान, पीएल-वन यांसारख्या या भाषांत नवे काम फारसे निघत नाही. पण बँका, विमा कंपन्या आणि सरकारी कचेऱ्यांचे जुने काम त्यांच्यावरच चालते. दुसरा गट अरलँग, हॅस्केल, ओकॅमल यांसारख्या भाषांचा. त्या विशिष्ट कामाला फार उत्तम, पण मूठभर लोकांनाच ठाऊक.

आपल्याकडे याला एक चांगली उपमा आहे, ती मोडी लिपीची. घरात आजोबांच्या पेटीत एखादा जुना कागद सापडतो. जमिनीचा तंटा त्या कागदावर अवलंबून असतो आणि तो असतो मोडीत. मग मोडी वाचणाऱ्याचा शोध सुरू होतो. असा माणूस सापडला तरी तेवढ्याने भागत नाही. नुसती अक्षरे लागून उपयोग काय? इनाम म्हणजे काय, वतन कशाला म्हणत, जमीन मोजायची रीत कोणती होती, हे ज्याला कळते तोच कागदाचा अर्थ सांगू शकतो. अक्षरे काही महिन्यांत शिकता येतात. व्यवहार शिकायला वेळ लागतो. संगणकाच्या दुर्मीळ भाषांचे नेमके हेच आहे.

कोबोलची कथा तर मजेदार आहे. १९५९ मध्ये अमेरिकेत एक समिती बसली आणि व्यापारी हिशेबांसाठी सर्व कंपन्यांच्या यंत्रांवर चालेल अशी एक सामाईक भाषा तिने ठरवली. ग्रेस हॉपर या नौदलातल्या विदुषीने आधी केलेल्या कामाचा तिच्यावर मोठा प्रभाव होता. भाषा इंग्रजी वाक्यांसारखी, ऐसपैस आणि शब्दबंबाळ. पण रुपये-पैशांच्या हिशेबाला पक्की. आपण दशमान पद्धतीने हिशेब करतो, संगणक आतून दोनाच्या पटीत करतो. त्यामुळे दहा पैशांसारखी साधी रक्कमही काही भाषांत काळजी न घेतल्यास अगदी तंतोतंत मांडता येत नाही आणि लाखो खात्यांत मिळून हिशेब चुकतो. कोबोल मात्र वाण्याच्या वहीसारखी दशमानातच मोजते. म्हणून बँकांनी तिला धरले आणि अजून सोडलेले नाही. रॉयटर्स या वृत्तसंस्थेने २०१७ मध्ये दिलेल्या अंदाजानुसार जगात कोबोलच्या २२० अब्ज ओळी वापरात होत्या. २०२० च्या एप्रिलमध्ये, कोरोनाच्या ऐन धुमाळीत, अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्याच्या गव्हर्नरांना कोबोल जाणणाऱ्या स्वयंसेवकांसाठी जाहीर आवाहन करावे लागले. बेकारभत्त्याचे लाखो अर्ज एकदम आले होते आणि ते हाताळणारी यंत्रणा कोबोलवर चालणारी होती. जगातल्या सर्वांत श्रीमंत देशालाही ‘मोडी वाचणारा हवा’ अशी दवंडी पिटावी लागली, ती अशी.

बरोजचे काम, आयसीएलचे यंत्र

‘भाषा येणारी माणसे आणायची कुठून?’ हा प्रश्न मुंबईला नवा नाही. किंबहुना आपला सॉफ्टवेअर-व्यवसाय याच प्रश्नातून उभा राहिला. टीसीएसची स्थापना १९६८ ची. १९७४ च्या सुमारास अमेरिकेतल्या बरोज कंपनीचे एक काम तिच्याकडे आले. रुग्णालयांच्या हिशेबाची आज्ञावली बरोजच्या एका प्रकारच्या यंत्राच्या कोबोलमधून दुसऱ्या प्रकारच्या यंत्राच्या कोबोलमध्ये आणायची होती. दोन्हीकडे नाव कोबोलच. पण कोल्हापूरची मराठी आणि मालवणची मराठी यांत जेवढे अंतर, तेवढे त्यांच्यात अंतर. पंचाईत अशी, की मुंबईत बरोजचे ते यंत्र नव्हते. होते ते आयसीएल १९०३ हे ब्रिटिश बनावटीचे यंत्र. तेव्हा फकीरचंद कोहली यांच्या हाताखालच्या मंडळींनी काय केले? आयसीएलच्या कोबोलचे बरोजच्या कोबोलमध्ये रूपांतर करणारी एक आज्ञावली स्वतःच तयार केली आणि सगळे काम मुंबईत बसून पुरे केले.

‘बरोजचा पाच वर्षांचा अनुभव असलेलाच माणूस हवा’ अशी अट त्या वेळी घातली असती, तर असा माणूस त्या काळच्या मुंबईत कितीसा सापडला असता? हुशार मुले घ्यायची आणि त्यांना शिकवायचे, हाच मार्ग होता. पुढे हीच रीत मोठ्या प्रमाणावर चालली. इन्फोसिसने म्हैसूरला प्रशिक्षणासाठी अख्खे नगर वसवले. स्थापत्य किंवा यंत्र अभियांत्रिकीच्या मुलांनाही तिथे काही महिन्यांत संगणकाच्या कामाला तयार केले जाते. टीसीएसने विज्ञान पदवीधरांसाठी वेगळा प्रशिक्षण-उपक्रम काढला. तात्पर्य, न शिकलेल्याला शिकवून कामाला लावणे ही या देशातल्या सॉफ्टवेअर-व्यवसायाची मूळ कला आहे. दुर्मीळ भाषेचा प्रश्न आला की मात्र नेमकी हीच कला मालकांना आठवत नाही.

तीन महिन्यांत कोबोल

आता दुसरी बाजू. दुर्मीळ भाषा शिकून घ्या, मागणी आहे, भरपूर पैसा आहे, असे सांगणारे लोक आजही भेटतात. अशा वेळी १९९७ ते २००१ या काळाची आठवण ठेवणे चांगले.

जुन्या आज्ञावल्यांत जागा वाचवण्यासाठी वर्षाचे शेवटचे दोनच आकडे लिहिले जात. १९९९ संपून ‘००’ आले की यंत्र ते १९०० समजेल, व्याज उलटे लागेल, पेन्शन बंद पडेल, अशी धास्ती जगभर पसरली. कोट्यवधी ओळी तपासायच्या होत्या आणि कोबोल जाणणारे लोक पाश्चात्त्य देशांत अपुरे होते. ते काम भारताकडे आले. अंधेरीच्या सीप्झमधल्या कंपन्यांची तेव्हा चंगळ होती. अमेरिकेने एच-१बी व्हिसाची वार्षिक मर्यादा ६५ हजारांवरून १९९९ या वर्षासाठी १ लाख १५ हजार आणि २००१ ते २००३ साठी १ लाख ९५ हजार केली. दादरपासून कल्याणपर्यंत क्लासेसच्या पाट्या लागल्या. तीन महिन्यांत कोबोल आणि मग थेट अमेरिका! माझ्या ओळखीतल्या एका गिरणी कामगाराने मुलाच्या अशा क्लाससाठी पत्नीच्या बांगड्या गहाण टाकल्या होत्या.

१ जानेवारी २००० उजाडला आणि फारसे काही बिघडले नाही. कारण काम झालेले होते. पण काम संपले, तशी मागणीही संपली. पाठोपाठ २००० मध्येच अमेरिकेतल्या डॉट-कॉम कंपन्यांचा फुगा फुटला. व्हिसाची मर्यादा २००४ पासून पुन्हा ६५ हजारांवर आली. तीन महिने कोबोल शिकलेली मुले रिकाम्या हाताने घरी बसली. त्या गिरणी कामगाराचा मुलगा पुढे औषधांच्या दुकानात लागला.

मात्र सगळ्यांचेच असे झाले नाही, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. त्याच लाटेत आलेली काही माणसे आजही उत्तम नोकऱ्यांत आहेत. दोघांत फरक कशाचा होता? हुशारीचा म्हणावा तर तसे दिसत नाही. ज्यांनी कोबोलबरोबर बँकेचा, विम्याचा, भविष्यनिर्वाह निधीचा व्यवहार समजून घेतला, ते टिकले. ज्यांना फक्त भाषा येत होती, त्यांची गरज भाषेच्या लाटेबरोबर ओसरली.

दहा तारखेचे गणित

हे केवळ तत्त्वज्ञान नव्हे. माझ्या मुलाखतींतले एक साधे उदाहरण देतो. बचत खात्यावरचे व्याज हल्ली रोजच्या शिल्लक रकमेवर काढले जाते. रिझर्व्ह बँकेने ही पद्धत १ एप्रिल २०१० पासून लागू केली. त्याआधी महिन्याच्या १० तारखेपासून महिनाअखेरपर्यंत खात्यात जी सर्वांत कमी शिल्लक असेल, तिच्यावर व्याज मिळे. म्हणून तर आपल्या घरातली वडीलधारी मंडळी ‘दहा तारखेच्या आत पैसे भरून ये’ म्हणून मागे लागत. जुन्या आज्ञावल्यांच्या पोटात हा जुना नियम कुठे कुठे अजून पडून असतो. पूर्वीच्या वर्षांचा हिशेब पुन्हा काढायचा झाला, तर तोच लागतो.

मी उमेदवारांना विचारतो : जुन्या नियमाप्रमाणे, रिकाम्या खात्यात १२ तारखेला दहा हजार रुपये भरले आणि काढले काहीच नाहीत, तर त्या महिन्याचे व्याज किती? एकदा कागदावर तीन वर्षांचा कोबोलचा अनुभव असलेल्या एका तरुणाने कागद-पेन्सिल घेऊन बरीच आकडेमोड केली आणि उत्तर चुकवले. त्याच दिवशी आलेली दिव्याचीच एक मुलगी वाणिज्य शाखेची पदवीधर होती. कोबोल हे नावही तिने जाहिरातीतच पहिल्यांदा वाचलेले. तिने क्षणात सांगितले, ‘काहीच नाही सर. दहा तारखेला खात्यात काही नव्हतं ना!’ तिची आई एका पतपेढीची दैनंदिन ठेव गोळा करणारी प्रतिनिधी. हे नियम तिने स्वयंपाकघरात ऐकलेले. त्या मुलीला आम्ही घेतले. कोबोलची अक्षरओळख व्हायला तिला सहा आठवडे लागले आणि चार महिन्यांनंतर ती स्वतंत्रपणे काम करू लागली.

एका उदाहरणावरून सिद्धान्त मांडू नये, हे मला कळते. शिकवूनही न जमलेली मुले मी पाहिली आहेत. पण मुलाखतीत आपण काय तपासतो, याचा विचार त्यावरून नक्की करता येतो. आपण क्रियापदे पाठ आहेत का, ते तपासतो. समज तपासत नाही.

जगाचा अनुभव काय सांगतो?

दुर्मीळ भाषा वापरूनही उत्तम माणसे मिळवलेल्या कंपन्या जगात आहेत. आपल्या सर्वांच्या फोनवर असलेले व्हॉट्सॲप अरलँग या भाषेत बांधले गेले. ही भाषा स्वीडनच्या एरिक्सन कंपनीत १९८० च्या दशकात टेलिफोन एक्स्चेंजसाठी तयार झाली. २०१४ च्या फेब्रुवारीत फेसबुकने व्हॉट्सॲप १९ अब्ज डॉलरला घेण्याचे ठरवले, तेव्हा त्याचे वापरकर्ते ४५ कोटींच्या घरात होते आणि कर्मचारी होते अवघे पंचावन्नच्या आसपास. शेअरबाजारातली जेन स्ट्रीट ही अमेरिकी कंपनी सेबीच्या जुलै २०२५ च्या आदेशामुळे आपल्याकडे गाजली. त्या वादात शिरण्याचे इथे कारण नाही. ही कंपनी आपले बहुतेक काम ओकॅमल या अपरिचित भाषेत करते आणि ती भाषा न येणाऱ्यांनाही घेऊन स्वतः शिकवते. आपल्याकडे बंगळुरूची जसपे ही पैशांच्या देवघेवीची यंत्रणा पुरवणारी कंपनी हॅस्केल वापरते. तिथल्या रिक्षाचालकांसाठी २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘नम्म यात्री’ची पडद्यामागची यंत्रणाही हॅस्केलमध्येच आहे. हॅस्केल येणाऱ्यांच्या रांगा आपल्याकडे कुठेच लागत नाहीत. तेव्हा अशा कंपन्यांना शिकवण्यावाचून गत्यंतर नसते, हे उघड आहे.

पॉल ग्रॅहम या अमेरिकी उद्योजक-लेखकाने २००४ मध्ये या विषयावर एक गाजलेला विचार मांडला. त्याचा आशय असा, की कमी प्रचलित भाषेत काम देणाऱ्या कंपनीकडे अर्ज थोडे येतात, पण चांगले येतात. कारण पोटासाठी कुणी ती भाषा शिकत नाही, आवडीने शिकतो. त्याने उदाहरण दिले होते पायथनचे. गंमत अशी, की आज तीच पायथन सीबीएसईच्या अकरावी-बारावीच्या अभ्यासक्रमात आहे आणि गल्लोगल्ली शिकवली जाते. म्हणजे दुर्मीळपणा हा भाषेचा कायमचा गुण नव्हे. याच ग्रॅहमची व्हायावेब ही कंपनी लिस्प भाषेवर उभी होती. ती याहूने १९९८ मध्ये विकत घेतली आणि काही वर्षांनी तिची आज्ञावली दुसऱ्या, अधिक रुळलेल्या भाषांत नव्याने लिहून काढली. लिस्पवर जीव लावणाऱ्याने त्यातून योग्य तो धडा घ्यावा.

मालकाची अडचण

मालकांची बाजूही समजून घ्यायला हवी. मोठ्या कंपनीला शंभर मुले शिकवणे परवडते. तीस माणसांच्या लहान कंपनीचे काय? चार महिने पगार देऊन, आपल्या जाणत्या माणसाचा निम्मा वेळ खर्चून एखाद्याला तयार करावे आणि सहाव्या महिन्यात त्याने पुण्याच्या कंपनीत दुप्पट पगारावर उडी मारावी, हा अनुभव अनेकांनी घेतलेला आहे. त्यांची चीड खोटी नाही.

पण हिशेब दोन्ही बाजूंनी मांडावा. समजा, नवशिक्याला महिना पंचवीस हजार दिले, तर चार महिन्यांचे एक लाख झाले. उलट अनुभवी माणूस शोधून देणारी संस्था त्याच्या वार्षिक पगाराच्या ८.३३ टक्के, म्हणजे एका महिन्याचा पगार, मोबदला म्हणून घेण्याची पद्धत आहे. शिवाय तो माणूस मिळेपर्यंत जागा रिकामी. आणि जो पैशांसाठी आला, तो पैशांसाठी जाणारच. माणूस सोडून जाण्याचे भय दोन्हीकडे सारखेच असेल, तर शिकवण्याला एवढे भिण्याचे कारण काय?

यावर तोडगा म्हणून कंपन्या बाँड लिहून घेतात. घरातल्यांनी याकडे नीट लक्ष द्यावे. भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम २७ नुसार धंदा-व्यवसाय करण्यास मज्जाव करणारा करार अवैध ठरतो. मात्र १४ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या प्रकरणात, तीन वर्षे नोकरी करा नाही तर दोन लाख रुपये भरा, ही नोकरीच्या काळापुरती अट वैध ठरवली. त्यात सरकारी बँकेला भरतीसाठी करावा लागणारा खर्च आणि वेळ यांचा विचार होता. याचा अर्थ कोणीही कसलाही बाँड लिहून घ्यावा, असा होत नाही. रक्कम शिक्षणाच्या खर्चाशी सुसंगत आहे का, मुदत किती, मध्येच कंपनीने काढले तर काय, हे सही करण्यापूर्वी विचारावे. मूळ प्रमाणपत्रे ठेवून घेणाऱ्या कंपनीपासून तर चार हात दूरच राहावे.

माझा अनुभव असा, की माणूस टिकतो तो शिक्षण पुरे होताच पगार वाढवला तर, आणि आपल्याला इथे काही कळू लागले आहे असे त्याला वाटले तर. जाण्या-येण्याचे हालही त्यात मोजावेत. दिव्यात जलद गाड्या थांबू लागल्या त्या २०१६ च्या डिसेंबरात. त्यासाठी प्रवाशांना आधी बराच संघर्ष करावा लागला. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याच्या वळणावर गाडीच्या दाराशी लटकलेले प्रवासी खाली पडून मृत्यू पावले, ती गर्दी आमच्या रोजच्या ओळखीची आहे. जे काम २०२० मध्ये घरातून दीड-दोन वर्षे बिनबोभाट झाले, त्यासाठी माणसाने आठवड्यातून पाच दिवस ठीक नवाच्या ठोक्याला हजर झाले पाहिजे, असा हट्ट धरणाऱ्याने ‘माणसे मिळत नाहीत’ ही तक्रार करू नये.

पालकांनी काय पाहावे?

आता घरचा प्रश्न. मुलाला किंवा मुलीला कोबोलची, मेनफ्रेमची वा अशाच एखाद्या अनोळखी भाषेची नोकरी चालून आली, तर घ्यावी का? माझे उत्तर आहे : शिकवून घेणार असतील तर जरूर घ्यावी, स्वतःच्या खिशातून लाखभर रुपये भरून क्लासला जायचे असेल तर दहा वेळा विचार करावा. दुर्मीळ भाषेत स्पर्धा कमी असते, तशी दारेही कमी असतात. ठाणे-नवी मुंबई पट्ट्यात त्या कामाच्या किती कंपन्या आहेत, ते आधी मोजावे. दोनच असतील, तर एकीने काढले आणि दुसरीने घेतले नाही की बिऱ्हाड हलवायची वेळ येते.

पगाराबरोबर आणखी तीन गोष्टी विचाराव्यात. शिकवणार कोण, म्हणजे शेजारी बसून दाखवणारा जाणता माणूस आहे की नुसत्या ध्वनिचित्रफिती? काम कोणत्या व्यवहाराचे आहे : बँकेचे, विम्याचे, रुग्णालयाचे? आणि आधीची माणसे किती वर्षे टिकली? शिवाय एखादी रुळलेली भाषा हाताशी राहू द्यावी. आपण घरात मराठी बोलतो म्हणून व्यवहारापुरते हिंदी-इंग्रजी सोडत नाही, तसेच हे.

एका गोष्टीबद्दल मात्र कडक इशारा द्यायला हवा. ‘अनुभव नाही म्हणून नोकरी नाही, नोकरी नाही म्हणून अनुभव नाही’ या चक्रातून सुटण्यासाठी बनावट अनुभवाची प्रमाणपत्रे विकणारे दलाल आहेत. माझ्यासमोर अशी प्रमाणपत्रे आलेली आहेत आणि ती पहिल्या पाच प्रश्नांतच उघडी पडतात. नाव एकदा काळ्या यादीत गेले की ते पुसायला वर्षे लागतात. याचा दोष मुलांना द्यावा तेवढाच, पाच वर्षांच्या अनुभवाची अट घालून नवशिक्याचा पगार देऊ पाहणाऱ्यांनाही द्यावा.

‘कृत्रिम बुद्धिमत्ता आली, आता हे सगळे यंत्रच करील’ असेही कुणी म्हणेल. कोबोलचे जावात रूपांतर करायला मदत करणारे साधन आयबीएमने २०२३ मध्येच जाहीर केले आणि अशी साधने झपाट्याने सुधारत आहेत. नुसते रूपांतर करणाऱ्याची नोकरी त्यामुळे धोक्यात आली आहे, हे खरे. पण रूपांतर बरोबर झाले की नाही, हे पाहणार कोण? दहा तारखेचा नियम नव्या आज्ञावलीत तसाच उतरला का, की वाटेत गळाला? गळाला असेल, तर कुणाच्या खात्यात किती फरक पडला? हे सांगायला जुने वाचता येणारा आणि व्यवहार जाणणारा माणूसच लागेल. उलट, कुठलीही अनोळखी भाषा वाचायला ही साधने मदत करतात. त्यामुळे नवशिक्याला तयार करण्याचा काळ कमी होईल, वाढणार नाही. मालकांची उरलीसुरली सबबही त्यामुळे निकालात निघते.

शेवटी एक साधा हिशेब. १९९८ मध्ये बाविसाव्या-पंचविसाव्या वर्षी कोबोल शिकून या कामाला लागलेली माणसे आज पन्नाशीच्या आगेमागे आहेत. दहा-बारा वर्षांत ती निवृत्त होतील. त्यांच्या डोक्यात जे नियम, ज्या खाचाखोचा, जे अपवाद आहेत, त्यांतले फारच थोडे कुठे लिहून ठेवलेले आहे. मोडी जाणणारे एकेक वृद्ध गेले आणि त्यांच्याबरोबर घराघरांतले कागद मुके झाले, ते आपण पाहिलेले आहे. आपल्या ठेवी, विम्याचे हप्ते आणि पेन्शनी ज्या आज्ञावल्यांवर चालतात, त्या मुक्या होणे कुणालाच परवडणार नाही. त्या जाणत्या माणसाच्या शेजारी आजच एक खुर्ची टाकून तिच्यावर एखाद्या नवशिक्याला बसवायला हवे. खुर्ची टाकणे मालकाच्या हातात आहे. तिच्यावर बसायला मुले तयार आहेत आणि ती शोधायला बंगळुरूला जावे लागणार नाही.